करंगळीच्या बाजूनं

उमरग्यात महामार्गाला लागून एक टायरचं दुकान आहे. त्याच्या माडीवर कित्येक वर्षं टायपिंगचा क्लास चालायचा. खालून टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज, वर पंचवीस-तीस पोरापोरींच्या बोटांचा आवाज, आणि या दोन्हींना पुरून उरणारा एका बाईंचा आवाज. त्या महानंदा बिराजदार. दारावरच्या पाटीत त्या ‘मॅडम’ होत्या, गावाच्या तोंडी ‘बाई’ होत्या आणि पोरांमध्ये ‘करंगळीवाली’ होत्या. हे तिसरं नाव पाठीमागं घेतलं जातं, हे त्यांना ठाऊक होतं. “नाव पडायला काम लागतं,” त्या म्हणायच्या. “तुमचं काय नाव पडलंय, प्रेसवाले?”

माझं काहीच पडलेलं नव्हतं. रस्त्यापलीकडे माझं छपाईचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, निवडणुकीच्या दिवसांत पत्रकं. कार्यसम्राट, विकासपुरुष, गोरगरिबांचे कैवारी ही विशेषणं माझ्याकडे कायमची जुळवून ठेवलेली असतात. पुढचं नाव तेवढं बदलायचं. हा धंदा इतकी वर्षं केलेल्या माणसाला कुणाबद्दल आदर वाटायला जरा वेळ लागतो. बाईंच्या बाबतीतही लागला. पण एकदा वाटला तो गेला नाही.

बाई नम्र नव्हत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आपल्याकडे माणूस मोठा म्हटला की तो नम्र असलाच पाहिजे अशी लोकांची समजूत असते. क्लासची जाहिरात छापायला त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मजकुरात ‘मराठवाड्यातील सर्वोत्तम’ असं होतं. मी म्हटलं, “मॅडम, उमरग्यातील लिहिलं तरी पुरे होईल.” त्या म्हणाल्या, “मी महाराष्ट्रातील लिहिणार होते. तुमच्यासारख्या माणसांना झेपावं म्हणून कमी केलं.” हे बोलताना त्या माझ्या तोंडाकडे पाहत नव्हत्या. माझे हात पाहत होत्या.

ती त्यांची खोडच होती. बाजारात, एसटीत, कुणाच्या मयताला गेल्या तरी आधी हात पाहायच्या. “तोंडाला काय, पावडर लावली की ते बदलतं,” म्हणायच्या. दहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी समोर आला तर नाव आठवायचं नाही, पण “तू मधल्या बोटानं चोरी करणारा” एवढं पक्कं आठवायचं. आता पोलीस झालेला तो विद्यार्थी वर्दीत लाजायचा.

त्यांचे वडील वाजवायच्या पेट्या दुरुस्त करायचे. इकडच्या भजनी मंडळांच्या आणि तिकडं कर्नाटकातल्या मठांच्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. बाई लहानपणी त्यांच्याजवळ बसून पत्त्या घासायच्या, भाता चिकटवायच्या. एका म्हाताऱ्या भजनीबुवांचा आवाज वयानं खाली उतरला, तर वडिलांनी त्यांना नव्या ठिकाणी बोटं टाकायला शिकवलं नाही. पेटीतले सगळे सूरच आतून सरकवून दिले. बुवांची बोटं जुन्याच जागी पडायची आणि सूर त्यांच्या आवाजाला जुळायचा. ही गोष्ट बाई प्रत्येक नव्या तुकडीला सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “वाकायचं तर पेटीनं वाकावं. माणूस का वाकेल?”

क्लासात एक शब्द उच्चारायला बंदी होती. ‘चालतंय.’ आता आमचा अर्धा जिल्हा या एका शब्दावर उभा आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी? चालतंय की. एसटी आली नाही? चालतंय की. मान अवघडली, मनगट सुजलं, खुर्चीचा एक पाय आखूड आहे? चालतंय की बाई. हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याला उभं राहून एक अख्खं पान टाइप करावं लागायचं. “दुखतंय तर चालत नाही,” बाई म्हणायच्या. “दुखणं म्हणजे यंत्र चुकीचं लावलंय. बोट खोटं बोलत नाही, अव्वा.” मायेत आल्या की त्या पोरींना अव्वा म्हणायच्या, कन्नड माहेराची तेवढी खूण उरली होती.

माझं स्वतःचं मनगट त्या काळात दुखत होतं. दिवसभर पत्रिका जुळवायच्या म्हणजे हे उचल, तिथं चिकटव, चुकलं की मागं घे. प्रत्येक वेळी डावी करंगळी खाली कोपऱ्यातल्या कंट्रोलच्या कळीकडे वाकडी करून न्यायची. संध्याकाळी चहाचा कप धरताना ती बाहेर निघून राहायची, मोठ्या घरच्या बायकांसारखी. एक दिवस बाई दुकानात आल्या, माझं काम पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, “उठा.”

मी उठलो. त्या बसल्या, पडद्यावर कुठं कुठं गेल्या, मशीन बंद करून चालू केलं. मग डाव्या बाजूच्या मधल्या रांगेतल्या मोठ्या कळीवर बोट ठेवलं. “हिचं काय काम?”

“कॅपिटल अक्षरांचं. एकदा दाबली की सगळी मोठी पडतात.”

“मराठीत मोठं अक्षर असतं?”

“नसतं.”

“मग ही कळ तुमच्या दुकानात कशाला बसलीय? करंगळीच्या उशाशी जागा अडवून? दारात आड असताना तुम्ही त्या बिचारीला रोज गावाबाहेर पाण्याला पाठवता. आजपासून कंट्रोल इथं. दोन दिवस शिव्या द्याल, तिसऱ्या दिवशी माझी आठवण काढाल.”

दोन दिवस मी शिव्या दिल्या. दरम्यान माझ्या मुलानं मशीनला व्हायरस लागलाय असं ठरवून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं कळफलक उलटा करून झटकला. त्यातून चुरमुरे पडले, व्हायरस सापडला नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या कपाभोवती माझी करंगळी बाकीच्या बोटांबरोबर नांदायला लागली. मी रस्ता ओलांडून आभार मानायला गेलो तर बाई म्हणाल्या, “आभार त्या बोटाचे माना. इतकी वर्षं गप्प बसलं.”

त्यांच्या क्लासात नव्या संगणकांच्या खोलीचं उद्घाटन झालं, तो प्रसंग गावात अजून सांगतात. निमंत्रणपत्रिका मीच छापली होती, त्यामुळे प्रमुख पाहुण्यांची चार विशेषणं माझ्या हातची होती. पाहुणे तालुक्यातले माजी सभापती. दोन्ही हातांत मिळून सहा अंगठ्या. फीत कापली, नारळ फुटला, आणि सूत्रसंचालकानं जाहीर केलं की आता साहेब आपल्या शुभहस्ते पहिलं नाव टाइप करतील. साहेब खुर्चीत बसले. बाईंनी त्यांचे हात पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अंगठ्या काढा.”

साहेबांचा एक कार्यकर्ता पुढं सरसावला. “मॅडम, ते ग्रहाचे खडे आहेत.”

“ग्रहांना बाहेर बसवा. इथं वजनानं बोटं चुकतात.”

साहेब हसले, राजकारणातल्या माणसाला कुठं हसायचं ते कळतं. त्यांनी पाच अंगठ्या काढून कार्यकर्त्याच्या हातावर ठेवल्या, सहावी निघेना. मग उजव्या हाताच्या एका बोटानं, कळ शोधत शोधत, त्यांनी स्वतःचं नाव टाइप करायला घेतलं. आडनावापर्यंत पोचायला इतका वेळ लागला की मागं कुणीतरी सुरू केलेल्या टाळ्या मधेच विझल्या. बाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “साहेब, उरलेल्या नऊ जणांना तिकीट दिलं नाही का?”

त्या हशात साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे मला कबूल केलं पाहिजे. पण नंतर त्या क्लासच्या कुठल्याही कार्यक्रमाला त्यांना वेळ मिळाला नाही.

आता ‘करंगळीवाली’ हे नाव कसं पडलं ते. सुरुवातीला ते चांगल्या अर्थानं पडलेलं नव्हतं. मराठी टायपिंगमध्ये जोडाक्षराचा अर्धा भाग बहुतेक शिफ्टची कळ धरून काढावा लागतो. अक्षर उजव्या हाताकडे असेल तर शिफ्ट डाव्या करंगळीनं धरायची, हा जुना नियम. अर्धा न, अर्धा प, अर्धा व, अर्धा स, हे सगळे उजव्या हाताखाली. बाई नियमाच्या पक्क्या. ज्या पोरीची डावी करंगळी शिफ्टवर वेळेत पडायची नाही तिच्या बोटावर पेन्सिल बसायची. खेड्यांतून येणाऱ्या पोरी यात जास्त सापडायच्या. “शेतातल्या पोरींची करंगळी मिजासखोर असते,” असं बाईंचं मत होतं, आणि मत एकदा झालं की त्या ते पाटीसारखं टांगून ठेवायच्या.

ते मत ज्या दिवशी उतरलं त्या दिवशी मी योगायोगानं क्लासात होतो. सरावाचे छापील उतारे द्यायला गेलो होतो. दुपारच्या तुकडीत सुनंदा नावाची पस्तिशीची बाई होती, आतल्या एका खेड्यातली. नवरा पंचायत समितीत कारकून होता, तो अचानक गेला. त्याच्या जागी हिला अनुकंपेवर घेतलं होतं. पण नेमणुकीच्या आदेशात अट होती: ठरल्या मुदतीत मराठी टायपिंगची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी जाणार. एका परीक्षेत ती नापास झाली होती. मुदतीत आता एकच परीक्षा उरली होती. घरी दोन मुलं आणि डोळ्यानं अधू सासू. हे सगळ्या क्लासाला माहीत होतं, आणि म्हणूनच बाई तिला जास्त बोलायच्या.

त्या दिवशी उतारा सरकारी पत्राचा होता. आमच्या घरच्या बोलीत करंगळीला फार काम पडत नाही; सरकारी मराठीत मात्र तिची धिंड निघते. व्यवस्थापन, न्यायालयीन, स्वीकृत, स्थगित. सुनंदाची गाडी प्रत्येक अर्ध्या अक्षराला अडत होती. बाईंची पेन्सिल उठली.

“करंगळी! झोपलीय का ती?”

“न्हाय बाई. ती अशीच हाय.”

“अशीच म्हणजे?”

“वाकत न्हाय. पण चालतंय की.”

तो शब्द ऐकून क्लासातली सगळी बोटं थांबली. आता उभ्यानं पान, असं सगळ्यांना वाटलं. बाईंनी सुनंदाचा डावा हात उचलला. इतकी वर्षं हात पाहणारी ती बाई. पण शिकवताना त्या हातांची पाठ पाहायच्या. आज पहिल्यांदा त्यांनी हात उलटा करून तळवा पाहिला. करंगळीच्या आतल्या बाजूनं, मधल्या पेरावर, आडवा पांढरा वण होता.

“हे कशानं?”

“विळ्यानं. ज्वारी काढताना. लई बारकी होते म्या तवा.”

बाईंनी टेबलावरची पट्टी उचलून तिच्या उजव्या हातात दिली. “दाखव कसं काढता.”

सुनंदा आधी लाजली. मग तिनं डाव्या मुठीत हवेतली ज्वारीची ताटं धरली, अंगठा वर, करंगळी तळाला, आणि उजव्या हातातली पट्टी खालून ओढली. पट्टी बरोबर करंगळीच्या खालून गेली. ताटं धरणाऱ्या मुठीत विळ्याच्या सगळ्यांत जवळ असतं ते हेच बोट.

बाईंनी पट्टी परत घेतली. मग वळून साऱ्या तुकडीला म्हणाल्या, “डावे हात उलटे करा.”

रांगेनं हात उलटले. त्यातल्या कितीकांच्या करंगळीवर तो आडवा वण होता. काहींचा पुसट, काहींचा खोल. पोरी एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या, “तुजाबी? अगं माजाबी.” हसत नव्हत्या त्या फक्त बाई. त्या एकेका टेबलापाशी थांबत होत्या, वाकून पाहत होत्या. मी दारात उतारे घेऊन उभा होतो आणि मला उगाचच देवळात उभं असल्यासारखं वाटायला लागलं. तशी माझी देवळाची सवय कमी आहे.

शेवटी त्या आपल्या टेबलाशी आल्या, पेन्सिल खणात टाकली. “ज्यानं ही कळ इथं बसवली,” त्या म्हणाल्या, “त्यानं कधी ज्वारी काढली नसणार.” क्षमा वगैरे मागितली नाही. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण ती पेन्सिल पुन्हा बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून क्लासात अंगठ्यांचं राज्य आलं. बाईंचं म्हणणं असं: दहा बोटांत सगळ्यांत जाडजूड बोट अंगठा. उजवा जागा सोडायची लांब पट्टी दाबतो, तेवढंच. डावा तर नुसता पगार खातो. आणि हातातल्या सगळ्यांत बारक्या बोटाला सगळ्यांत जड कळ दिलेली. त्यांनी मशीनांवर लांब पट्टीच्या डावीकडची कळ शिफ्ट करून टाकली. आता अर्धं अक्षर आलं की डावा अंगठा खाली, बस्स.

“आमच्या आज्ज्या अंगठा उठवायच्या, बाई,” एक पोरगी म्हणाली. “आमीबी पुन्ना अंगठ्यावरच आलो व्हय?”

“आज्जीच्या अंगठ्याला कुणी काम दिलं नाही म्हणून तो शाईत बुडवावा लागला,” बाई म्हणाल्या. “तुझ्या अंगठ्याला मी दिलंय. चालव.”

सुनंदाचा हात सुटला. व्यवस्थापन, न्यायालयीन, सगळं धावायला लागलं. महिनाभरात ती तिसाच्या पुढं गेली. बाई रस्ता ओलांडून मला रोज तिचा वेग सांगायला यायच्या, जणू मी कुठल्या समितीवर होतो. आणि एक दिवस मी सहज विचारलं, “परीक्षा तुमच्याच मशीनवर होते का?”

परीक्षा धाराशिवच्या केंद्रावर व्हायची. तिथली मशीन कुलूपबंद. तिथं कुणाला एक कळही इकडची तिकडं करता यायची नाही. आमच्याकडच्या उत्साहाची ही जुनी तऱ्हा आहे, आधी बैल सजवायचा आणि मग गाडीला चाकं आहेत का पाहायचं. महिनाभर सुनंदाचा अंगठा ज्या कळीवर पडायला शिकला होता, ती कळ परीक्षेत शिफ्ट नसणार होती. परीक्षेला थोडेच दिवस राहिले होते. एवढ्या आत्मविश्वासाच्या बाईचं तोंड उतरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. चहा न घेता गेल्या.

दोन दिवस त्या क्लासात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या वडिलांची हत्यारांची पेटी घेऊन. हार्मोनियममध्ये एक सोय असते, कपलर म्हणतात तिला: एक सूर दाबला की तारेनं जोडलेला वरच्या सप्तकातला सूर आपोआप दाबला जातो. बाईंनी सायकलच्या चाकाची तार घेतली. ती कळफलकाच्या पुढच्या काठाशी आडवी बसवली, तिला वाकवून दोन गुडघे दिले. एक डाव्या अंगठ्याखाली, दुसरा थेट डाव्या कडेच्या शिफ्टवर. अंगठा दाबला की तार फिरायची आणि पलीकडची शिफ्ट दबायची. टोकाला वडिलांच्या पेटीतला लोकरीचा तुकडा, घसरू नये म्हणून. मशीनच्या आत काही बदललेलं नाही. मशीनला पत्ताच नाही.

“हे सुचलं कसं?” मी विचारलं.

“मला नाही सुचणार तर कुणाला सुचणार?” बाई म्हणाल्या.

धाराशिवला मी बरोबर गेलो, कारण तार वाकू न देता एसटीतून नेणं हे काम बाईंनी माझ्यावर टाकलं होतं. “तुम्ही हाडकुळे. तुमच्या शेजारी जागा शिल्लक राहते.” वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती तार मी मांडीवर धरून बसलो. पुढच्या बाकावर सुनंदा खिडकीच्या कडेवर डावा अंगठा दाबत होती. प्रवासभर ती एवढंच बोलली, “बाई, तिथं लावू देतील न्हवं?” बाई म्हणाल्या, “मी आहे.”

केंद्रावर गळ्यात फीत अडकवलेले केंद्रप्रमुख होते. उन्हातही कोट. त्यांनी तारेकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाहेरचं उपकरण आत नेता येणार नाही.”

“उपकरण कुठलं? तार आहे.”

“तार हे उपकरण आहे.”

“मग चष्मा?”

“चष्म्याला हरकत नाही.”

“आणि करंगळीबद्दल नियमात काय लिहिलंय?”

“करंगळीचा नियमात उल्लेख नाही, मॅडम.”

“तेच म्हणते मी. तिचा कुठंच उल्लेख नाही.”

आवाज चढत होता. मागं उमेदवारांची रांग थांबली होती. केंद्रप्रमुख म्हणाले, वाद नको, उमेदवारानं हवं तर तसंच बसावं, नाहीतर गैरहजर लावतो. सुनंदा भिंतीला टेकली. तिचा चेहरा पाहवत नव्हता. ती हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाई. बसते म्या तशीच.” ती चालतंय म्हणाली नाही, एवढंच.

केंद्रप्रमुखांनी हजेरीचा कागद पुढं ओढला, डाव्या हातानं तो दाबून धरला आणि उजव्या हातानं सही करायला लागले. बाई बोलायच्या थांबल्या. त्या नेहमीसारख्या हात पाहत होत्या. कागदावर केंद्रप्रमुखांची चार बोटं सपाट पडली होती आणि पाचवं, करंगळी, अर्धवट उभंच राहिलं होतं.

इतक्या वर्षांत बाईंचा इतका खालचा आवाज मी ऐकला नव्हता.

“साहेब, ज्वारी कुणाच्या रानात काढली?”

“काय?”

“डाव्या हाताचं म्हणते.”

त्यांनी सही अर्धी सोडली. हात कागदाखाली नेला.

“मामाच्या,” ते म्हणाले. “भूमकडं. शाळेत होतो.” मग थांबून, “टायपिंगला मला तीन परीक्षा लागल्या होत्या.”

“माझ्याकडे असता तर एकच लागली असती,” बाई म्हणाल्या.

ते हसले की खोकले ते कळलं नाही. त्यांनी तार हातात घेतली, वर्तमानपत्र सोडलं, टेबलावर ठेवून अंगठ्यानं एकदा दाबून पाहिली. आणखी एकदा दाबली. मग म्हणाले, “परवानगीचा शेरा मी लिहितो. उमेदवाराच्या अपंगत्वामुळे...”

“अपंग लिहू नका,” बाई म्हणाल्या. “कळ चुकीच्या जागी आहे, असं लिहा.”

“मॅडम, तसं लिहिता येत नाही.”

“का? खरं आहे.”

“म्हणूनच येत नाही,” ते म्हणाले. या वाक्यासाठी मी त्यांना कोट माफ केला. शेवटी ‘उमेदवाराच्या सोयीसाठी’ असं लिहिलं गेलं. आणि तार मशीनवर बसवायला ते स्वतः आत गेले.

सुनंदा पास झाली. निकालाच्या दिवशी ती क्लासात आली, बाईंच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. बाईंनी हात पाहिले. म्हणाल्या, “अर्धा न अजून उशिरा येतो.” आणि मग तिचा डावा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ बसून राहिल्या. खाली कुणीतरी ट्रकच्या चाकात हवा भरत होतं.

त्यानंतर क्लासात नाव घालताना फीच्या आधी डावा हात उलटा करून दाखवावा लागायचा. ‘करंगळीवाली’ हे नाव तेच राहिलं, पण पोरी ते तोंडावर म्हणायला लागल्या.

क्लास दोन वर्षांपूर्वी बंद झाला. बाईंचे गुडघे माडी चढेनात, आणि खाली क्लासाला जागा द्यायला टायरवाला तयार होईना. कलबुर्गीला धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं ठरलं. मी बसस्थानकावर पोचवायला गेलो. वडिलांची हत्यारांची पेटी त्यांनी टपावर टाकू दिली नाही, मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. मी काहीतरी बरं बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांची विशेषणं जुळवली. त्यातलं एकही इथं बसेना.

तेवढ्यात टोपली घेऊन एक बाई खिडकीखाली आली. ओल्या हरभऱ्याच्या जुड्या विकत होती. “घ्या की मावशी, ग्वाड हाय.” तिनं जुडी वर केली. बाईंनी जुडी घेतली नाही. हात घेतला. उलटा केला.

“वाकतं का ग हे?”

ती बाई बावरली. मग हसली. “न्हाय वाकत. लई वर्सं झाली. चालतंय की.”

गाडी सुरू झाली. कंडक्टरनं घंटी मारली. ती बाई हात सोडवून घ्यायला लागली, पण बाईंनी सोडला नाही. ती गाडीबरोबर दोन-चार पावलं चालत गेली, टोपली डोक्यावर, एक हात खिडकीत. मग हात सुटला. गाडी महामार्गाला वळली, आणि खिडकीतून अर्ध्या बाहेर आलेल्या महानंदा बिराजदार, पांढरे केस उडत, त्या कुणा अनोळखी बाईला साऱ्या बसस्थानकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, “चालतंय म्हणू नको, अव्वा! चालतंय म्हणू नको!”

ती बाई बराच वेळ आपल्या करंगळीकडे पाहत उभी होती.